विश्लेषण : पाइपमधला भोवरा आणि कोटींचा हिशेब! अल्ट्रासॉनिक मीटर तेल मोजताना कुठे फसते?

पेट्रोल पंपावर गाडी थांबली की पहिले वाक्य ठरलेले असते, 'साहेब, शून्य बघून घ्या'. ग्राहक शून्य बघतो, लिटर बघतो, पैसे देतो आणि निघतो. कच्च्या तेलाच्या घाऊक व्यवहारातही तत्त्व हेच. देणारा आणि घेणारा, दोघांनी एकाच मीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा. फरक आहे तो आकाराचा. एका महाकाय तेलवाहू जहाजात सुमारे २० लाख बॅरल तेल मावते. एक बॅरल म्हणजे साधारण १५९ लिटर. एवढे तेल पाइपलाइनमधून मोजून दुसऱ्याच्या ताब्यात देताना मीटर केवळ ०.१ टक्का चुकले, तरी २ हजार बॅरलचा फरक पडतो. बॅरलचा भाव ७० डॉलर धरला तर ही रक्कम १ लाख ४० हजार डॉलर, म्हणजे एक कोटी रुपयांहून अधिक होते.

आणि हा फरक पडण्यासाठी मीटर बिघडावे लागत नाही की चोरी व्हावी लागत नाही. मीटरच्या अलीकडे पाइपला दोन वळणे असली, तरी तेवढे पुरते. वळणावरून आलेले तेल सरळ न वाहता पीळ घेत पुढे सरकते आणि अल्ट्रासॉनिक मीटरची खरी परीक्षा तिथे सुरू होते.

अल्ट्रासॉनिक मीटर तेल मोजते कसे?

नदीत होडी चालवणाऱ्याला जे कळते तेच या मीटरला कळते. प्रवाहाच्या दिशेने तिरके पैलतीर गाठायला कमी वेळ लागतो, त्याच वाटेने उलट यायला जास्त. दोन्ही वेळांतल्या फरकावरून प्रवाहाचा वेग काढता येतो. मीटरमध्ये होडीच्या जागी माणसाला ऐकू न येणाऱ्या उच्च वारंवारितेच्या ध्वनिलहरी असतात. पाइपच्या दोन बाजूंना, एकमेकांसमोर पण तिरके, दोन ट्रान्सड्यूसर बसवलेले असतात. दोघे आळीपाळीने बोलतात आणि ऐकतात. प्रवाहाबरोबर जाणारी लहर लवकर पोहोचते, प्रवाहाविरुद्ध जाणारी उशिरा.

यातली गणिताची गंमत अशी की दोन्ही वेळा हाती असल्या की तेलातला ध्वनीचा वेग समीकरणातून निघूनच जातो. तेल बदलले, तापमान बदलले तरी वेगाचे गणित कोलमडत नाही. शिवाय फिरणारा एकही भाग नाही, त्यामुळे झीज नाही. प्रवाहात अडथळा नाही, त्यामुळे पंपावर जादा ताण नाही. मोठ्या व्यासाच्या पाइपलाइनवर हे मीटर लोकप्रिय झाले ते याच कारणांनी. अलास्कातील १९७७ साली सुरू झालेल्या सुमारे १,३०० किलोमीटरच्या पाइपलाइनवर गळती शोधण्यासाठी अशीच मीटर बसवली गेली होती. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने २००५ मध्ये द्रव इंधनाच्या अल्ट्रासॉनिक मापनासाठी स्वतंत्र मानक काढले आणि मालकी बदलाच्या व्यवहारांत, म्हणजे या क्षेत्राच्या भाषेत 'कस्टडी ट्रान्सफर'मध्ये, या मीटरला हक्काची जागा मिळाली.

मात्र मोजायचा वेळ किती सूक्ष्म आहे, हे पाहायला हवे. साधारण १४ इंची पाइप घेतला, ४५ अंशांच्या तिरक्या वाटेची लांबी ५० सेंटिमीटर, तेलाचा वेग सेकंदाला २ मीटर आणि तेलातला ध्वनीचा वेग सेकंदाला १,३५० मीटर धरला, तर लहर एका बाजूने दुसऱ्या बाजूला सुमारे ३७० मायक्रोसेकंदांत पोहोचते. जाण्या-येण्यातला फरक असतो अवघा ७७५ नॅनोसेकंदांच्या आसपास. ०.१ टक्का अचूकता हवी तर हा फरक पाऊण नॅनोसेकंदापर्यंत पकडावा लागतो. एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. आजची इलेक्ट्रॉनिक्स हे काम बिनबोभाट करते. अडचण घड्याळाची नाही, ज्या वाटेवर घड्याळ लावले आहे त्या वाटेवरच्या प्रवाहाची आहे.

पाइपमध्ये भोवरा येतो कुठून?

पाइपच्या मध्यभागी तेल वेगाने वाहते, भिंतीलगत संथ. वळण आले की मध्यातले वेगवान तेल बाहेरच्या भिंतीकडे फेकले जाते, एसटी वळणावर आली की प्रवासी जसे एका बाजूला कलंडतात तसे. त्याची जागा घ्यायला भिंतीलगतचे संथ तेल दोन्ही बाजूंनी आतल्या वळणाकडे सरकते. परिणामी पाइपच्या आडव्या छेदात उलट दिशांना फिरणारे दोन भोवरे तयार होतात. ब्रिटिश गणिती डब्ल्यू. आर. डीन यांनी १९२०च्या दशकात वक्र नळ्यांतल्या प्रवाहाचे गणित मांडले, म्हणून त्यांना 'डीन भोवरे' म्हणतात. एकच वळण असेल तर ही जोडी बऱ्यापैकी लवकर विरते.

खरा त्रास असतो दुसऱ्या वळणाचा. पहिला एल्बो पाइपला वर नेतो आणि लगेच दुसरा एल्बो बाजूला वळवतो, अशी रचना असली की जोडीतला एक भोवरा दुसऱ्यावर मात करतो आणि संपूर्ण पाइपभर एकच मोठा पीळ उरतो. तेल मग गोल जिन्यावरून उतरणाऱ्या माणसासारखे फिरत फिरत पुढे जाते. तेलाच्या कोणत्याही टर्मिनलवर नजर टाकली तर असे दुहेरी एल्बो पावलोपावली दिसतील. जाडजूड हेडरमधून फुटणारी टी, अर्धवट उघडा व्हॉल्व्ह आणि पंप हेही पीळ देण्यात मागे नाहीत.

मग मीटर फसते म्हणजे नेमके काय होते?

मीटरला पुढे जाणारा वेग आणि आडवा फिरणारा वेग वेगवेगळे दिसत नाहीत. ध्वनिलहरीच्या वाटेवर प्रवाहाचा जो भाग पडतो, तेवढाच तिला कळतो. आडव्या वेगाचा काही भाग त्या वाटेवर पडला, तर मीटर तोही 'पुढे गेलेले तेल' म्हणून खात्यात लिहिते. तो उलट्या दिशेने पडला, तर खरोखर पुढे गेलेले तेल खात्यातून वजा होते. मीटर खोटे बोलत नाही, ते वेगळ्याच प्रश्नाचे खरे उत्तर देते.

ध्वनीची वाट पाइपच्या केंद्रातून जात असेल तर एक दिलासा असतो. पीळ नेमका केंद्राभोवती असेल, तर त्याचा वेग त्या वाटेला सगळीकडे काटकोनात राहतो आणि मापात शिरत नाही. पण भोवरा केंद्रावरच बसेल याची हमी कोण देणार? वळणानंतर तो बहुतेकदा बाजूला सरकलेला असतो. शिवाय केंद्रातून जाणाऱ्या एकाच वाटेची दुसरी मोठी उणीव म्हणजे तिला भिंतीजवळचे चित्र फारसे कळत नाही.

म्हणून चांगल्या मीटरमध्ये केंद्रापासून बाजूला सरकवलेल्या अनेक समांतर वाटा असतात. त्या वेगाचे अधिक खरे चित्र देतात, पण पिळाला अधिक उघड्या पडतात. एक हिशेब करून पाहता येतो. सगळे तेल चाकासारखे एकसंध फिरत आहे आणि भिंतीजवळ त्याची दिशा केवळ २ अंशांनी तिरकी आहे, असे मानू. केंद्रापासून अर्ध्या त्रिज्येवर असलेल्या ४५ अंशांच्या वाटेवर त्यामुळे सुमारे पावणेदोन टक्के जास्त किंवा कमी वेग नोंदवला जातो. आंतरराष्ट्रीय कायदेशीर मापनशास्त्र संघटनेच्या आर-११७ शिफारशीत पाइपलाइनवरील मापन यंत्रणेला मुभा आहे ती ०.३ टक्क्यांची, एकट्या मीटरला ०.२ टक्क्यांची. आणि २ अंश म्हणजे काही फार मोठा पीळ नव्हे. दाबाच्या फरकावर चालणाऱ्या मीटरसाठीचे आयएसओ ५१६७ हे मानक २ अंशांपेक्षा कमी पिळाला 'पीळ नाही' असेच समजते!

अर्थात ही एका वाटेवरची चूक झाली. केंद्राच्या दुसऱ्या बाजूला तेवढ्याच अंतरावर, त्याच दिशेला तिरकी असलेली वाट तेवढीच उलट चूक करते आणि बेरजेत दोन्ही कटतात. चार वाटांच्या मीटरचा पिळाविरुद्धचा भरवसा या वजाबाकीवर असतो. भोवरा केंद्रातून सरकला की वजाबाकी पूर्ण होत नाही आणि उरलेली बाकी थेट बिलात जाते.

सरळ पाइप टाकला की प्रश्न सुटत नाही का?

प्रत्येक माहितीपत्रकात पहिला उपाय हाच असतो. मीटरच्या अलीकडे पुरेसा सरळ पाइप ठेवा, प्रवाह आपोआप शांत होईल. प्रचलित नियम असा की प्रवाह सुधारणारा फ्लो कंडिशनर बसवला असेल तर व्यासाच्या १० पट आणि नसेल तर २० पट सरळ लांबी अलीकडे, व्यासाच्या ५ पट पलीकडे. २४ इंची पाइपला २० पट म्हणजे सुमारे १२ मीटर.

पण पीळ चिवट असतो. वेगाचा विस्कटलेला आराखडा भिंतीच्या घर्षणाने आणि प्रवाहातल्या खळबळीने तुलनेने लवकर सावरतो. फिरणारे तेल मात्र बराच काळ फिरत राहते, कारण त्याला थांबवणारे भिंतीच्या घर्षणाखेरीज काही नाही. खळबळत्या प्रवाहात पीळ निम्म्यावर यायलाच साधारण व्यासाच्या २० ते ४० पट अंतर लागते. म्हणजे १२ मीटरच्या सरळ पाइपनंतरही अर्ध्याहून अधिक पीळ शिल्लक असू शकतो. २० पटीच्या नियमावर विसंबून राहण्यातला धोका हाच आहे. तो नियम चांगल्या बहुवाटी मीटरला आणि जागेवरच्या पडताळणीला पूरक म्हणून ठीक आहे, पण पीळ काढण्याचे औषध म्हणून नाही.

जागेचा प्रश्न आणखी वेगळा. समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर सरळ पाइपचा प्रत्येक मीटर म्हणजे पोलादाचे जादा वजन आणि जादा खर्च. मुंबईच्या किनाऱ्यापासून दीडशेहून अधिक किलोमीटरवरच्या मुंबई हाय क्षेत्रासारख्या ठिकाणी डेकवरची जागा कशी वाटून घ्यावी लागत असेल, याची कल्पना करता येईल. त्यात पाइपची वळणे ठरवणारा आराखडाकार आणि मीटर निवडणारा अभियंता वेगवेगळ्या टेबलांवर बसत असतील, तर मीटरला उरलेली जागा मिळते, हवी ती नाही.

तेलाचा स्वभावही मोजावा लागतो

पाण्यासारख्या पातळ तेलात घर्षण तुलनेने कमी, त्यामुळे पीळ दूरवर टिकतो. डिझेल, पेट्रोल किंवा हलके कच्चे तेल वाहणाऱ्या पाइपलाइनला म्हणून पिळाचा त्रास जास्त. घट्ट तेल पीळ लवकर गिळते, पण त्याची दुसरीच खोड असते. तेल फार घट्ट झाले की प्रवाह खळबळ सोडून थरांनी वाहू लागतो आणि मध्यातला वेग सरासरीच्या दुप्पट होतो. केंद्रातून जाणारी एकच वाट असेल तर ती सरासरीपेक्षा ३३ टक्के जास्त वेग दाखवते. खळबळत्या प्रवाहात हाच फरक पाच-सात टक्क्यांचा असतो. मीटर हे सगळे गुणकाने दुरुस्त करते, पण त्यासाठी प्रवाह कोणत्या अवस्थेत आहे हे त्याला ठाऊक हवे. दोन अवस्थांच्या सीमेवर प्रवाह घुटमळत असेल आणि वर थोडा पीळही असेल, तर ते ठरवणे भल्याभल्यांना जड जाते.

जाळी बसवा, वाटा वाढवा, पाइप आवळा

पीळ मोडण्याचा सर्वात जुना मार्ग म्हणजे प्रवाहाच्या वाटेत बारीक नळ्यांची मोळी ठेवणे. प्रत्येक नळीत शिरलेले तेल सरळ व्हावेच लागते. पीळ जातो, मात्र वेगाचा वेडावाकडा आराखडा आहे तसाच पुढे जातो. छिद्रे पाडलेल्या जाड चकत्या, म्हणजे प्लेट कंडिशनर, पीळही मोडतात आणि आराखडाही सुधारतात. त्यांची किंमत मोजावी लागते ती दाबाच्या घसरणीत. अल्ट्रासॉनिक मीटर घेतले ते प्रवाहात अडथळा नको म्हणून आणि त्याच्याच पुढ्यात अडथळा बसवायचा, हा विरोधाभास खरेदी विभागाला समजावून सांगणे सोपे नसते.

कच्च्या तेलात आणखी एक भानगड होते. त्यात मेण असते, गाळ असतो, कधी वेल्डिंगचा तुकडा किंवा गॅस्केटचा चिंधोटाही असतो. मुंबई हायचे तेल मेणयुक्त म्हणूनच ओळखले जाते. चकतीची चार छिद्रे बुजली की उरलेल्या छिद्रांतून तेल एका बाजूने जोरात सुटते. पीळ मोडायला बसवलेली चकतीच मग प्रवाह बिघडवू लागते, तेही कोणाला न सांगता. म्हणून अलीकडे चांगला स्ट्रेनर हवा आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या दाबातील फरकावर लक्ष हवे.

दुसरा मार्ग मीटरच्या आत आहे. प्रत्येक पातळीवर एकाऐवजी दोन वाटा ठेवायच्या, कात्रीच्या पात्यांसारख्या एकमेकींना छेदणाऱ्या. आडवा वेग एका वाटेवर जेवढा वाढवतो तेवढाच दुसऱ्या वाटेवर घटवतो आणि सरासरीत नाहीसा होतो. यासाठी भोवरा केंद्रावर असण्याची गरज राहत नाही, ही यातली मोठी जमेची बाजू. अशा चार पातळ्या म्हणजे आठ वाटा, सोळा ट्रान्सड्यूसर आणि अर्थातच चढी किंमत.

तिसरी युक्ती सगळ्यात मजेशीर आहे. मीटरच्या तोंडाशी पाइप हळूहळू अरुंद करायचा. व्यास ०.७ पट केला तर पुढे जाण्याचा वेग जवळपास दुप्पट होतो. फिरण्याचा वेगही वाढतो, बर्फावर गिरकी घेणारी नर्तकी हात जवळ घेते तेव्हा वाढतो तसा, पण तो वाढतो १.४ पटच. पुढचा वेग फिरण्याच्या वेगाहून जास्त वाढल्याने पिळाचा कोन ०.७ पट होतो. वेगाचा आराखडाही सपाट होतो.

मीटर जागेवर तपासून घेतले तर?

तेल व्यवहारात मीटरच्या शब्दावर कोणी आंधळा विश्वास ठेवत नाही. शेजारी प्रूव्हर असतो. त्याच्या पाइपची दोन खुणांमधली घनता नव्हे, आकारमान काटेकोर ठाऊक असते. एक गोळा किंवा पिस्टन तेलाबरोबर त्या अंतरातून धावतो आणि मीटरने मोजलेले तेल त्या आकारमानाशी ताडून पाहिले जाते. निघालेल्या गुणकाला मीटर फॅक्टर म्हणतात. सलग पाच फेऱ्यांचे आकडे ०.०५ टक्क्याच्या पट्ट्यात यावेत, हा रूढ निकष. अल्ट्रासॉनिक मीटर प्रवाहातली प्रत्येक बारीक खळबळ टिपत असल्याने छोट्या प्रूव्हरवर हा निकष गाठायला त्याला बऱ्याचदा जास्त फेऱ्या लागतात.

पीळ असतानाच तपासणी झाली तर त्याचा परिणाम मीटर फॅक्टरमध्ये धरला जातो, मग चिंता कसली, असा प्रश्न येथे पडतो. उत्तर असे की पीळ स्थिर राहिला तर चिंता नाही. पण टर्मिनलवर तीन-चार मीटर रांगेने एकाच हेडरवर असतात. सकाळी दोन लाइन चालू असताना तपासणी झाली, दुपारी तिसरी उघडली, कोणी अलीकडचा व्हॉल्व्ह थोडा आवळला, एक पंप बंद करून दुसरा लावला. प्रत्येक बदलाने हेडरमधून मीटरमध्ये शिरणाऱ्या तेलाचा पीळ बदलतो. सकाळचा फॅक्टर मात्र संध्याकाळपर्यंत तोच राहतो. यात धोकादायक काय, तर ही चूक पुढे-मागे होऊन सरासरीत मिटणारी नसते. तशीच मांडणी चालू असेपर्यंत ती एकाच बाजूला झुकलेली असते आणि दर तासाला एकाच पक्षाच्या खिशातून जाते.

बिलापलीकडे काय पणाला लागते?

भारताने २०२३-२४ मध्ये सुमारे २३ कोटी टन कच्चे तेल आयात केले. त्याच्या ०.१ टक्का म्हणजे २ लाख ३० हजार टन. देशात निघणाऱ्या तेलावर सरकारला रॉयल्टी मिळते, जमिनीवरच्या तेलाची राज्यांना आणि समुद्रातल्या तेलाची केंद्राला. ती ठरते मोजलेल्या तेलावर. मोजमाप झुकले की तिजोरीही झुकते.

गळती शोधण्याचे गणितही याच आकड्यांवर उभे आहे. पाइपलाइनमध्ये किती शिरले आणि किती बाहेर पडले, यातला फरक म्हणजे संशय. भूमिगत पाइपलाइनला छिद्र पाडून इंधन चोरण्याचे प्रकार महाराष्ट्रातही उघडकीस आले आहेत. अशी चोरी एकूण प्रवाहाच्या तुलनेत लहान असते. एका टोकाचे मीटर पिळामुळे अर्धा टक्का कमी-जास्त दाखवत असेल, तर चोरी त्या अर्ध्या टक्क्यात लपून राहते. उलट कुठेही गळती नसताना इशारे वाजत राहिले, तर नियंत्रण कक्षातले कर्मचारी त्यांना सरावतात. मग खरा इशाराही 'नेहमीचाच' ठरतो.

मीटर स्वतःच पीळ सांगू शकते

बहुवाटी मीटरचा एक उपयोग अनेक ठिकाणी वाया जातो. कोणत्या वाटेवर किती वेग आहे हे मीटरला वेगवेगळे ठाऊक असते. छेदणाऱ्या दोन वाटांच्या वेगातला फरक म्हणजे पिळाचे थेट माप. मध्यातल्या आणि कडेच्या वाटांचे गुणोत्तर आराखडा किती सपाट आहे ते सांगते. प्रयोगशाळेत तपासणीच्या दिवशी हे आकडे नोंदवून ठेवले आणि साइटवर रोज त्यांच्याशी ताडले, तर चकतीत अडकलेली चिंधी किंवा अर्धवट मिटलेला व्हॉल्व्ह बिलाचा वाद होण्याआधी दिसतो. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही, आधीच येणारी माहिती साठवून कोणीतरी तिच्याकडे बघावे लागते.

भारतात अशा मीटरच्या तपासणीसाठी केरळमधील पालक्काड येथे फ्लुइड कंट्रोल रिसर्च इन्स्टिट्यूट आहे. तिथे पाण्यासाठी, हवेसाठी आणि तेलासाठी वेगवेगळ्या चाचणी सुविधा आहेत. कुठल्याही प्रयोगशाळेत पाठवताना एकटे मीटर पाठवणे आणि त्याच्या अलीकडचा सरळ पाइप व कंडिशनरसह पूर्ण संच पाठवणे, यात मोठा फरक पडतो. संच एकत्र तपासला तर तो तसाच साइटवर जोडायचा असतो. त्यासाठी फ्लँजवर पिना किंवा खुणा करून ठेवतात. जोडताना चकती थोडी फिरली किंवा गॅस्केट पाइपच्या आत डोकावले, तरी प्रमाणपत्रावरचा प्रवाह आणि पाइपमधला प्रवाह वेगळे होतात. म्हणून जोडणीच्या दिवशी दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी आकड्यांच्या आधी फ्लँजवरच्या खुणा जुळल्या का, ते पाहतात.